मुंबई बंदरातलं पत्र आणि ध्रुवाजवळचं पाणी

पी अँड ओ कंपनीचं ‘नारकुंडा’ जहाज युरोपातून येऊन मुंबई बंदरात लागलं होतं. त्यावरच्या एका बत्तीस वर्षांच्या प्राध्यापकाने लंडनच्या ‘नेचर’ नियतकालिकाला एक पत्र लिहिलं. पत्रावर ठिकाण होतं एस. एस. नारकुंडा, मुंबई बंदर, आणि तारीख २६ सप्टेंबर १९२१. विषय होता समुद्राचा रंग. प्राध्यापकाचं नाव चंद्रशेखर वेंकट रामन. ऑक्सफर्डला साम्राज्यातल्या विद्यापीठांची परिषद होती, तिला कलकत्ता विद्यापीठातर्फे ते गेले होते. आयुष्यातला हा त्यांचा पहिलाच परदेशप्रवास.

परतीच्या वाटेवर भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना पुरतं पकडलं. समुद्र निळा का, याचं उत्तर तेव्हा ठरलेलं होतं. लॉर्ड रॅले यांनी सांगून ठेवलं होतं की खोल समुद्राची निळाई म्हणजे पाण्यात पडलेलं आभाळाचं प्रतिबिंब, पाण्याचं त्यात स्वतःचं काही नाही. रॅले म्हणजे त्या काळचा शेवटचा शब्द. रामन यांच्या सामानात मात्र एक निकोल प्रिझम होतं, स्फटिकाचा असा तुकडा की जो एका दिशेने कंप पावणारा प्रकाशच आरपार सोडतो. ठराविक कोनातून पाण्याकडे पाहत ते फिरवलं की पृष्ठभागावरून परावर्तित झालेला उजेड विझतो. रामन यांनी कठड्याशी उभं राहून तेच केलं. आभाळाचं प्रतिबिंब गेलं, निळाई गेली नाही. उलट जास्तच गडद झाली. म्हणजे रंग पाण्याच्या आतून येत होता, पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरत होते. नोव्हेंबर १९२१ मध्ये ते पत्र छापून आलं.

गंमत अशी की ज्या पाण्यावर उभं राहून निळाईवरचं हे पत्र रवाना झालं, ते पाणी स्वतः निळं नव्हतं. सप्टेंबरअखेरीचं मुंबई बंदर ज्याने पाहिलं आहे त्याला सांगायला नको. पावसाळ्याने धुऊन आणलेला गाळ, खाड्यांचं पाणी, भरती-ओहोटीची घुसळण. त्या मातकट पाण्यात गाळाखेरीज आणखी एक गोष्ट असते. ती गाळणीत अडकत नाही, तळाशी बसत नाही आणि डोळ्यांना फार तर पिवळसर झाक म्हणून जाणवते. कुजलेली पानं, मुळं, माती, शेवाळ यांतून पाण्यात उतरलेला तो विरघळलेला सेंद्रिय पदार्थ. साऱ्या महासागरांत मिळून त्यात सुमारे ६६० अब्ज टन कार्बन आहे. वातावरणातल्या कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन साधारण याच पंगतीतला. रामन यांना शुद्ध पाण्याचा रंग हवा होता, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने हा सगळा मळ. पुढची कथा या मळाची आहे.

कलकत्त्याला परतल्यावर बहूबाजार रस्त्यावरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये रामन आणि त्यांचे विद्यार्थी द्रवांमागे लागले. १९२३ मध्ये के. आर. रामनाथन यांनी सूर्यप्रकाशाचा झोत गाळून पाण्यातून सोडला आणि बाजूला विखुरलेला उजेड तपासला. आत सोडलेल्या रंगाहून वेगळ्या रंगाचा एक अंधुक उजेड तिथे सापडला. संशय साहजिकच अशुद्धीवर गेला आणि त्या उजेडाला नाव मिळालं ‘क्षीण प्रतिदीप्ती’. पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध करूनही ती हटेना. के. एस. कृष्णन यांनाही इतर द्रवांत तेच दिसलं. अखेर २८ फेब्रुवारी १९२८ला उलगडा झाला की ही प्रतिदीप्ती नव्हेच. रेणूवर आपटलेला प्रकाश थोडी ऊर्जा रेणूला देऊन बदललेल्या रंगाने बाहेर पडतो. रामन परिणाम तो हाच. १९३०चं नोबेल त्यालाच मिळालं. शाळेत इतकं सगळ्यांना शिकवतात. पण कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत पाच वर्षं ज्या दोन उजेडांची गल्लत होत होती, त्यांतला दुसरा, म्हणजे खरी प्रतिदीप्ती, पुढे कुठे गेला हे फारसं कोणी सांगत नाही.

त्याचं मूळ आणखी मागे, एका औषधाच्या बाटलीत आहे. कोयनेल आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला तोंडाच्या कडवटपणावरून आठवतं. हिवतापाच्या काळात पोस्टातसुद्धा त्याच्या पुड्या विकायला असत. कोयनेलचं पाणी पारदर्शक, पण उन्हात धरलं की त्याच्या कडेला निळसर तेज दिसतं. जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये त्याची नोंद केली. १८५२ मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी कारण शोधलं आणि या प्रकाराला फ्लुओरेसन्स हे नाव दिलं. डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश रेणू गिळतो, थोडी ऊर्जा आतल्या आत खर्ची घालतो आणि उरलेली दिसणाऱ्या रंगात परत देतो. ही प्रतिदीप्ती. कोयनेलचा हा गुण इतका भरवशाचा की पुढची कित्येक दशकं समुद्राच्या पाण्याची प्रतिदीप्ती कोयनेलच्या प्रमाणात मोजली गेली.

समुद्रात हे तंत्र नेलं जर्मन रसायनशास्त्रज्ञ कुर्ट काले यांनी. उत्तरेकडच्या समुद्रांच्या पाण्यात निळ्याला हिरवट करणारा एक पिवळा पदार्थ आहे, असं त्यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस मांडलं आणि त्याला ‘गेल्बश्टॉफ’ म्हटलं. १९४९ मध्ये त्यांचा बोथनिया आणि फिनलंडच्या आखातांवरचा निबंध आला. ही आखातं हिवाळ्यात गोठतात, त्यांना मिळणाऱ्या नद्या जंगलांतून आणि दलदलींतून येतात. तिथलं पाणी अतिनील दिव्याखाली निळसर उजळतं आणि नदीचं गोडं पाणी जितकं जास्त, तितका हा उजेड जास्त, हे काले यांनी दाखवलं. रामन यांच्या गटाने जो डाग घासून काढण्यात वर्षं घालवली, त्याच डागावरून पाणी कुठून आलं हे सांगता येतं, ही त्या निबंधातली खरी नवी गोष्ट. माझ्या मते समुद्ररसायनाच्या इतिहासात या कलाटणीला मिळायला हवं तेवढं मोल मिळालेलं नाही. काले यांचं नाव आज फक्त त्या विषयातल्या लोकांना माहीत आहे.

ध्रुवाजवळच्या समुद्राला अशा खुणेची गरज का, हे समजायला नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेनची हकीकत उपयोगी पडते. ‘जॅनेट’ नावाचं अमेरिकी जहाज १८८१ मध्ये सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं. त्याचे अवशेष तीन वर्षांनी पार पलीकडे, ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडले. ग्रीनलंडवर झाडं जवळजवळ नाहीतच, पण सैबेरियातल्या झाडांचे ओंडके तिथे लागत. नान्सेनने हिशेब केला की ध्रुवावरून आडवा जाणारा एक प्रवाह असलाच पाहिजे. १८९३ मध्ये त्याने ‘फ्राम’ हे जहाज मुद्दाम बर्फात गोठू दिलं आणि तीन वर्षांनी, १८९६च्या ऑगस्टमध्ये, ते स्वालबार्ड बेटांच्या बाजूला बाहेर आलं. तेव्हा खूण होती डोळ्यांना दिसणारा ओंडका. त्याच जंगलांतली पानं आणि दलदली नद्यांत विरघळून त्याच वाटेने जात होत्या; त्या कोणाला दिसत नव्हत्या एवढंच.

आर्क्टिक महासागरात जगातल्या समुद्राच्या पाण्यापैकी जेमतेम एक टक्का पाणी आहे, पण जगातल्या नद्यांच्या पाण्याचा दहावा हिस्सा त्यात येऊन पडतो. ओब, येनिसेई, लेना या नद्या एकेक देशाएवढी जमीन धुऊन आणतात. आता समजा ग्रीनलंडच्या पूर्वेला पृष्ठभागावर कमी खारट पाणी सापडलं. ते नदीचं, की वितळलेल्या सागरी बर्फाचं? क्षारता मोजून इतकंच कळतं की कुठलं तरी गोडं पाणी मिसळलं आहे. समुद्राचं पाणी गोठताना मीठ आणि सेंद्रिय पदार्थ बहुतेक बाहेर टाकतं, म्हणून सागरी बर्फाच्या पाण्याला प्रतिदीप्तीचा हा उजेड जवळजवळ नसतो. सैबेरियाच्या नदीच्या पाण्याला तो भरपूर असतो. गोडेपणा सारखाच, उजेड वेगळा. शतक बदलताना रेनर आमोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्राम सामुद्रधुनीत, म्हणजे नान्सेनच्या जहाजाचंच नाव मिळालेल्या पाण्यात, थेट पाण्यात सोडायच्या प्रतिदीप्तीमापकाने हा फरक टिपला. २००३ साली तो निबंध आला. सैबेरियाच्या नद्यांचं पाणी ग्रीनलंडच्या कडेने अटलांटिककडे उतरताना यंत्रावर स्वच्छ वाचता आलं.

मधल्या काळात एक मराठी नाव या विषयाच्या अगदी दाराशी येऊन उभं राहिलं होतं. अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा, ५ जुलै १९४३चा. वडील आप्पासाहेब पंत, औंध संस्थानच्या राजघराण्यातले. ज्या औंधच्या राजांनी सूर्यनमस्कार घरोघरी नेले आणि १९३९ मध्ये राज्यकारभार रयतेच्या हाती दिला, त्यांची ही नात. पुण्यात बी. एस्सी. झाल्यावर ॲलिस्टर हार्डी यांचं ‘द ओपन सी’ हे पुस्तक हाती पडलं आणि समुद्रच शिकायचा असं ठरलं. शिष्यवृत्तीवर त्या हवाई विद्यापीठात गेल्या. तिथे विषय घेतला वनस्पती-प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा. प्रखर उन्हात त्या जो कार्बन पकडतात, त्यातला किती त्यांच्या अंगातून पाण्यात झिरपतो आणि शेजारचे जिवाणू त्याचं काय करतात, हा प्रश्न. पुढे लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात सागरी शैवालांवर पीएच. डी. केली. त्याच कॉलेजात जी. ई. फॉग यांनी, जिवंत शैवाल ग्लायकोलेटसारखे पदार्थ पाण्यात सोडतं, हे आग्रहाने मांडलं होतं. पंत आणि फॉग यांचा १९७६चा एकत्रित निबंध याच ग्लायकोलेटवर आहे.

पाण्यातला विरघळलेला सेंद्रिय पदार्थ फक्त जमिनीवरून वाहत येत नाही, समुद्र स्वतःही तो रोज बनवतो, ही त्या कथेची दुसरी बाजू. पंत नेमक्या त्याच बाजूवर काम करत होत्या.

गोव्यात दोना पावलाच्या टेकडीवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिची स्थापना १ जानेवारी १९६६ची. संस्थापक-संचालक एन. के. पणिक्कर यांच्या भेटीनंतर पंत तिथे आल्या. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीमही गोव्यातूनच निघाली होती. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जण ६ डिसेंबर १९८१ला मुरगावहून ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेच्या जहाजाने गेले. बाहेर कोणाला पत्ता नव्हता. ९ जानेवारी १९८२ला पाऊल पडलं आणि मग देशाला कळलं. तिसऱ्या मोहिमेत, डिसेंबर १९८३ ते मार्च १९८४, अदिती पंत आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पोचलेल्या त्या पहिल्या स्त्रिया. याच मोहिमेत दक्षिण गंगोत्री हे ठाणं उभं राहिलं. पंत तिथल्या समुद्राचं अन्नजाळं अभ्यासत होत्या. वर्तमानपत्रांनी थंडी, कपडे आणि ‘बायका कशा राहिल्या’ यावरच जास्त रकाने खर्च केले असतील, असा माझा आपला अंदाज. प्लवकांतून पाण्यात झिरपणाऱ्या कार्बनची बातमी करायची कशी, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

त्या काळात विरघळलेला कार्बन एकूण किती ते मोजता येई, पण त्यातला जमिनीचा कुठला आणि समुद्राचा कुठला हे एका नजरेत दाखवणारा नकाशा हाती नव्हता. तो १९९० मध्ये आला. पॉला कोबल आणि सहकाऱ्यांनी काळ्या समुद्राच्या पाण्यावर एका रंगाऐवजी अनेक रंगांचा प्रकाश क्रमाने सोडला आणि प्रत्येक वेळी परत येणाऱ्या उजेडाचा पूर्ण वर्णपट घेतला. ‘नेचर’मध्ये त्याचं चित्र आलं ते डोंगरांच्या समोच्च रेषांच्या नकाशासारखं. आडव्या अक्षावर एक तरंगलांबी, उभ्यावर दुसरी आणि मधे शिखरं.

हे काम प्रत्यक्षात होतं कसं? बोटीवर आणलेलं पाणी आधी काचतंतूंच्या गाळणीतून गाळतात. ती गाळणी भट्टीत भाजून घेतलेली असते, कारण बोटाचा नुसता स्पर्शही सेंद्रिय पदार्थ सोडून जातो. मग पाणी तपकिरी काचेच्या बाटलीत, अंधारात. साधी काच अतिनील प्रकाश अडवते, म्हणून यंत्रात ठेवायची चौकोनी कुपी क्वार्ट्झची. झेनॉनच्या दिव्याचा प्रकाश २४० ते ४५० नॅनोमीटरपर्यंत पायरीपायरीने सोडायचा आणि ३०० ते ६०० नॅनोमीटरमध्ये काय परत येतं ते पाहायचं. २७५ टाकून ३४०च्या आसपास उजेड आला तर तो प्रथिनांसारख्या, ताज्या पदार्थाचा. शैवाल आणि जिवाणूंच्या जगातला. ३५० टाकून ४२० ते ४८०मध्ये पसरट शिखर आलं तर कुजलेल्या वनस्पतीचा आणि मातीचा. कोबल यांनी १९९६ मध्ये या शिखरांना अक्षरं दिली, ती आजही चालतात. २००३ मध्ये डेन्मार्कमधल्या कॉलिन स्टेडमन आणि सहकाऱ्यांनी एकमेकांत मिसळलेली शिखरं गणिताने सुटी करण्याची रीत आणली. मग एकेका मोहिमेतल्या शेकडो नमुन्यांचा हिशेब लागू लागला.

आता यंत्रायंत्रात फरक. एकाचा दिवा जुना, दुसऱ्याचा नवा. गोव्यातला आकडा नॉर्वेतल्या आकड्याशी जुळवायचा कसा? कोयनेलचं द्रावण करून तुलना करत असत, पण ते प्रत्येकाला नीट बनवावं लागे. उपाय पाण्यातच होता. शुद्ध पाण्यावर ३५० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की ३९७च्या आसपास एक बारीक शिखर दिसतं. ते प्रतिदीप्तीचं नव्हे. पाण्याच्या रेणूने थोडी ऊर्जा ठेवून घेतलेली असते, त्या रामन विखुरण्याचं ते शिखर. जगात कुठेही शुद्ध पाणी तेच असल्याने हे शिखरच मोजपट्टी ठरलं. २००९ मध्ये लावेट्झ आणि स्टेडमन यांनी त्याची पद्धत नीट बांधून दिली. एकक झालं रामन युनिट. कलकत्त्यात १९२३ मध्ये ज्या उजेडाला प्रतिदीप्ती समजून फसगत झाली होती, त्याच उजेडाने आज साऱ्या जगातल्या समुद्रांची प्रतिदीप्ती मोजतात. विज्ञान दिनाच्या भाषणांत ही गोष्ट मी अजून ऐकलेली नाही.

उत्तर ध्रुवाजवळ भारताला पाय ठेवायला जागा मिळाली तीही जुन्या कागदामुळे. ९ फेब्रुवारी १९२०च्या स्वालबार्ड करारावर ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने भारताचंही नाव होतं. त्याचा उपयोग व्हायला ८८ वर्षं लागली. १ जुलै २००८ला नी-ओलेसुंद या गावात ‘हिमाद्री’ ठाणं उघडलं. हे गाव एके काळी कोळशाच्या खाणीचं. १९६२च्या स्फोटात २१ कामगार गेले आणि पुढच्या वर्षी खाण बंद पडली. ठाण्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोच्या हेडलँड सड्यावरून चालतो, तिथे आजचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे; ते १९९८ मध्ये सुरू झालं. गावासमोरच्या कॉंग्सफ्योर्ड या खाडीत २३ जुलै २०१४ला ‘इंडआर्क’ ही यंत्रांची साखळी १९२ मीटर खोलीवर नांगरली गेली. बारमाही नोंदी घेणारं भारताचं उत्तर ध्रुवीय पाण्यातलं हे पहिलं ठाणं.

कॉंग्सफ्योर्डच्या टोकाशी क्रोनब्रीनसारख्या हिमनद्या समुद्रात कोसळतात. हिमनदीचं पाणी नदीसारखं पिवळं नसतं. त्यात झाडंझुडपं नाहीत, कुजलेली माती नाही. मग त्यात सेंद्रिय काही नसेल, असं वाटायचं. २००९ मध्ये ईरन हूड आणि सहकाऱ्यांनी अलास्काच्या किनाऱ्यावर उलटंच दाखवलं. खोऱ्याचा जितका जास्त भाग हिमनदीखाली, तितका पाण्यातला सेंद्रिय कार्बन जुना, काही ठिकाणी वय चार हजार वर्षांच्या घरात, आणि तरीही जिवाणूंना तो झटपट पचणारा. एरवी जुना म्हणजे शिळा, कोणी न खाल्लेला, असा नियम. इथे बर्फाने तो जपून ठेवलेला. प्रतिदीप्तीच्या नकाशावरही तो प्रथिनांच्या शिखराकडे झुकतो. हिमनद्या मागे हटत असताना दरसाल हे पाणी किनाऱ्याच्या समुद्रात उतरतं. त्यावर जिवाणू पोसतात आणि त्यांच्या श्वासातून काही कार्बन हवेत जातो. कायम गोठलेली जमीन वितळेल तसा सैबेरियाच्या नद्यांचा पिवळा वाटाही बदलेल. दोन्ही पाणी एकाच समुद्रात मिसळतं आणि कुठलं किती, हे सांगायला हा उजेडच सगळ्यात स्वस्त साक्षीदार आहे.

‘नारकुंडा’चा शेवट मात्र निळ्या पाण्यातच झाला. नोव्हेंबर १९४२ मध्ये अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ जर्मन विमानांच्या बॉम्बनी ते बुडालं, त्याच भूमध्य समुद्रात.

हा लेख मराठवाड्यातल्या वाशीसारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या तालुक्यात वाचणाऱ्याला वाटेल, यात आपलं काय? बालाघाटाच्या माळावरचं पाणी ओढ्यांनी मांजरेत जातं, मांजरा गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. आपल्या बांधावरच्या बाभळीचा, कडुनिंबाचा आणि उसाच्या पाचटाचा विरघळलेला अंशही त्या वाटेने समुद्राला लागतो, आणि त्याचा नकाशा ध्रुवाजवळच्या पाण्याच्या नकाशाशी त्याच रामन युनिटमध्ये ताडून पाहता येतो. मराठवाड्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या रसायन विभागाने हे करायला हरकत नाही. मांजरेच्या पहिल्या पुराचं एक आणि एप्रिलमधल्या डबक्याचं एक, असे दोन नमुने घेऊन विद्यापीठातल्या प्रतिदीप्तीमापकावर तपासा. पाणी त्याच दिवशी गाळा, बाटली तपकिरी काचेची घ्या, फ्रीजमध्ये ठेवा पण गोठवू नका, आणि पहिलं वाचन शुद्ध पाण्याचं घ्यायला विसरू नका.